कागदात नसलेला झरा

मार्गशीर्ष वद्य ३, शके १८०८
गोव्याच्या वरचा घाट

दादा,

नागूचा माथा तुझ्या पायांवर, नि वहिनीच्याही. मी जिवंत आहे. सात महिने कागद धाडला नाही म्हणून तुम्ही मला मेलेला धरलं असेल, तर तसं काही नाही.

इथं घाटात रेल्वेचा बोगदा चाललाय. मी सुरुंगाच्या टोळीत आहे. एकानं पहार धरायची, दोघांनी घण घालायचे. भोक हातभर खोल गेलं की दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळत सुटायचं. "पळायला नाग्याच्या पुढं कोण नाही," असं मुकादम म्हणतो आणि सगळे हसतात. मीही हसतो.

आधी पुण्याला वखारीत होतो, मग मिरजेला. माझा पाय एका जागी ठरत नाही हे तुला ठाऊकच आहे. इथं ठरेल असं वाटतं, पण तसं मला सगळीकडेच वाटतं.

इथला दगड आपल्यासारखा काळा नाही. पत्रावळींची चळत ठेवावी तसा थराथरानं सुटतो. पहिल्या दिवशी मी आपल्याकडच्या सवयीनं घण घातला आणि पहार अशी आत गेली की मी तोंडावर पडलो.

सहदेवभाऊ, टेसनावरच्या कामावरून सुटून आल्यावर हा कागद तूच वाचून दाखवत असशील. दादाच्या उजव्या अंगाला बस, डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं. ओट्यावर मंडळी जमली असतील त्यांना रामराम.

सोमी बोलायला लागली का? काका म्हणते का?

परसातल्या विहिरीला यंदा पाणी कसं आहे? सहज विचारतो.

नागू


पौष शुद्ध ९

दादा,

सहदेवाच्या हातचं कार्ड पोचलं. तू सांगितलंस तसंच त्यानं लिहिलंय, शिव्यांसकट. "विहिरीत गुडघाभर पाणी हाय नि त्यात बेडकं. होळीला तळाचा कातळ दिसंल, गेल्या साली दिसला तसा. इचारतोस कशाला? तुला ठाव नाय व्हय?"

ठाऊक आहे. वहिनी यंदाही शिमग्यापासून टेकडी उतरून ओहळावर जाणार, तेही ठाऊक आहे.

कार्डाच्या कडेला सहदेवानं आपल्या मनानं दोन ओळी घातल्यात. मालोजी ठेकेदारांना कर्जतपासून खालापुरापर्यंत कुणी विहिरीचं काम देत नाही. कशेळ्याच्या बाजारात त्यांना बघून लोक "कागदबदल्या आला रं" म्हणून ओरडतात. हे वाचून मला ताप आला. म्हणजे ताप आधीपासूनच होता.

लोक काय धरून बसलेत ते मी जाणतो. आपल्या ओट्यावर मी विहिरीच्या ठेक्याचा कागद वाचला तेव्हा त्यात 'जिवंत झरा लागेपर्यंत' खणायचं होतं. विहीर आटल्यावर पंचांपुढं तोच कागद उघडला तर त्यात 'पाणी लागेपर्यंत' एवढंच निघालं. तेव्हा मधल्या मध्ये मालोजींनी कागद बदलला. सगळे असं म्हणतात. मीही म्हणालो होतो. पण म्हणून बाजारात ओरडायचं का? म्हातारा माणूस आहे. विहीर त्यांनी सरळ खणली होती, ओळंबा सोडून बघ, काठ कुठं हलत नाही.

त्यांना तसं म्हणू नका. इतकंच.

थंडी फार आहे. घोंगडी घेतली.

नागू


माघ शुद्ध ५

दादा,

काल कार्ड आलं. मी ते तीन वेळा वाचलं. मालोजींनी पंचांना सांगितलं म्हणे: "मी कागद बदलला असं बुधाजी म्हणतो ना? मग चैत्री पुनवेला गावदेवीच्या जत्रेत त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बेलभंडार उचलावा. त्यानं उचलला तर मी हा मुलूख सोडून जातो." आणि तू हो म्हणालास.

दादा, बेल उचलू नको.

का ते पत्रात लिहिता येत नाही. शपथ चांगली नसते. लहान पोरीला कशाला मध्ये घ्यायचं? देवीच्या समोर, सगळ्या पंचक्रोशीच्या समोर. मालोजीही घरी जातील, तूही घरी जा. विहीर काय, विहिरीवाचून लोक राहतातच की.

सहदेवा, हे हळू वाच. ओट्यावर माणसं असली तर वाचूच नको, दादाला घरात नेऊन वाच.

वहिनी, तू तरी सांग त्याला.

नागू


फाल्गुन शुद्ध २

दादा,

"कारण सांग" एवढंच तू लिहायला लावलंस. दोन शब्दांचं कार्ड.

सांगतो. असं असू शकतं की मी वाचताना एखादा शब्द चुकलो असेन. तो दिवस आठव. मंडळी बोलत होती, गुरं परत येत होती, तूही घाई करत होतास. 'पाणी' नि 'झरा' यांत एखादवेळी गफलत होते. शिकलेल्यांचीही होते. म्हणून म्हणतो, कदाचित मालोजींची चूक नसेल, कदाचित कुणाचीच नसेल. एवढ्या कारणावर बेल उचलायचा थांबता येईल.

विहिरीबद्दल एक सांगतो, ते मी इथं दगडात राहून शिकलो. आपल्या परसात वर लाल माती, मग मुरूम, मग काळा कातळ. मुरमातलं पाणी पावसाचं. ते कातळाच्या पाठीवर बसून राहतं आणि हळूहळू ओहळाकडं सरकतं. पळसदरीच्या वर रेल्वेनं डोंगर कापलाय तिथं काळ्या दगडाच्या खाली गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो बघ. त्या पट्ट्याच्या डोक्यावरून भर चैत्रातही पाणी ठिबकतं. लहानपणी आपण तिथं जीभ लावायचो. तू मला उचलून धरायचास. आपल्या विहिरीतही कातळ फोडून तिथवर गेलं तर पाणी लागेल. पण ते आपण मागाहून बोलू.

आधी शपथेचं बघ.

नागू


फाल्गुन वद्य ११

मालोजीबाबा,

बुधाजीचा भाऊ नागू याचा दंडवत.

हा कागद दादाला धाडायचा होता. तसे दोन फाडले. दादाचं कार्ड आलं त्यात होतं, "शब्द चुकला का कागद बदलला, एक काय ते सांग. पंचांपुढं तू बोललास, निशाणी माझी नाय. मी तुझा शब्द धरलाय. मी सोमीला घेऊन जत्रेला जाणार. माझा भाऊ खोटं बोलत नाय." हे वाचल्यावर दादाला लिहायला मला तोंड उरलं नाही. तुम्हांला लिहायला तोंड आहे असंही नाही. पण तुमचं मी इतकं वाईट केलंय की तुमच्यापुढं आता लपवायला काही शिल्लक नाही.

मालोजीबाबा, मला मोडी वाचता येत नाही.

कधीच येत नव्हती. कर्जतच्या शाळेत दोन इयत्ता झाल्या, बाळबोध झालं. मोडी पुढच्या वर्षी सुरू व्हायची होती. पंतोजींनी पायांवर छड्या दिल्या आणि मी उठून गेलो तो परत गेलो नाही. पाटी घेऊन रोज घरून निघायचो आणि नदीवर बसायचो. वर्षभर. घरी सांगितलं, चौथीला चढलो. बाप मरताना सगळ्यांदेखत म्हणाला, "नागू शिकला. आता आमाला कोण फसवणार नाय." त्यानंतर मी कुणाला कसं सांगणार होतो?

लोक कागद घेऊन यायचे. बाळबोध असेल तर वाचायचो. मोडी असेल तर बोट फिरवायचो आणि त्या माणसाला काय ऐकायचं असेल ते बोलायचो. चंद्राबाईच्या लेकाचं मुंबईहून पत्र आलं, तेही मोडी. मी वाचलं: खुशाल आहे, गणपतीला येतो. आणि तो आला! चंद्राबाईनं मला तांदळाच्या पिठाचे घावन खाऊ घातले. तेव्हापासून मला वाटायला लागलं की हे चालतं.

कार्तिकातली ती गोष्ट तुम्हांला आठवत असेल. तुम्ही खालापुराहून कागद लिहून आणला होता. माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "वाच रं पोरा, सगळा वाच. कुठं अडलं तर हाक मार." आणि परसात खुंटी ठोकायला गेलात. मी कागद उघडला. सगळ्या अक्षरांच्या शेपट्या एकमेकींत अडकलेल्या. वरचं श्री तेवढं ओळखू आलं.

दादानं विचारलं, "जिवंत झरा लिवलंय का रं?"

मी म्हणालो, "लिवलंय की. जिवंत झरा लागेपर्यंत खणणे."

"नि कातळ लागला तर?"

"कातळ लागल्यास सुरुंग ठेकेदारानं लावणे."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "बघा, कसं धडाधडा वाचतो." दादानं नांगराची निशाणी काढली. तुम्ही परत आलात तेव्हा शाई सुकली होती. मी हाक मारली नव्हती.

नऊ हातांवर मुरमात पाणी लागलं. वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुम्ही मला बाजूला घेतलंत, तेही आठवत असेल. "पोरा, हे वरचं पाणी हाय. उन्हाळ्याला टिकायचं नाय. दादाला इचार, पुढं कातळ फोडायचा का? तसं असंल तर त्याचा नवा कागद करू." नवा केला तर जुना उघडावा लागणार. मी दादाला विचारलंच नाही. लिंबाखाली थोडा वेळ उभा राहिलो आणि परत येऊन तुम्हांला सांगितलं, "दादा म्हणतो एवढं पुरे." तुम्ही खांदे उडवलेत. "तुमची विहीर, तुमी जाना," म्हणालात आणि माणसं घेऊन गेलात.

विहीर होळीला आटली. दादा म्हणत होता, मालोजी काम अर्धं टाकून गेला. पंच बसले. कुलकर्ण्यांनी कागद वाचला, पाणी लागेपर्यंत. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दादा म्हणाला, "नागू, तू तर झरा वाचलास."

तेव्हाही वेळ होती. मालोजीबाबा, खरं सांगतो, तोंडाशी आलं होतं. पण समोर चंद्राबाई बसली होती, वहिनी पदर धरून उभी होती. मी कागद हातात घेतला, खालचा नांगर पाहिला आणि म्हणालो, "ही दादाची निशाणी नव्हं. दादा रुमणं उजवीकडं काढतो, इथं डावीकडं हाय. कागद बदललाय."

दादा नांगराची मूठ कुठंही काढतो. कधीमधी नांगर काढणाऱ्याला कुठलं ध्यानात राहणार? पण त्यानं कागद हातात घेतला, वाकून बघितला आणि म्हणाला, "खरं हाय. माझं उजवीकडंच असतं."

मी बोललो म्हणून त्याला तसं आठवलं. तुम्ही ओरडला नाहीत. "नागू, तू सोता वाचलास ना?" एवढंच विचारलंत. मी मान हलवली. बारा दिवसांनी गाव सोडलं. सगळ्यांना वाटलं नेहमीसारखा भटकायला गेला.

आता दादा सोमीच्या डोक्यावर हात ठेवणार, माझ्या खोट्यावर. ती दोन वर्षांची आहे. तिला काही झालं तर ते मी केलेलं असेल. काही नाही झालं तरी तुम्ही मुलूख सोडणार, तेही मीच केलेलं.

हा कागद बाळबोधात आहे, कुणालाही वाचता येईल. जत्रेत दादानं बेलाला हात लावायच्या आधी तो सगळ्यांसमोर वाचा. एकही ओळ गाळू नका. शाळेचं गाळू नका, चंद्राबाईचं गाळू नका. मी सांगितलेलं कमी करून वाचाल, तुमचा स्वभाव तसा आहे. तसं करू नका.

माफी मागत नाही. मागायला तुमच्यासमोर उभं राहावं लागतं.

नागू


वैशाख शुद्ध ६, शके १८०९

दादा,

तुझं पत्र पोचलं. मुकादमानं ते हातात दिलं तेव्हा मी भट्टीत तापवलेल्या पहारीला पाणी पाजत होतो. उघडायला धीर होईना. सोमीचं काही असेल असं वाटलं. शेवटी बोगद्याच्या तोंडाशी उजेडात जाऊन उघडलं.

सोमी बरी आहे हे तू सगळ्यात आधी लिहायला लावलंस. त्यापुढचं मग मला बसून वाचता आलं.

तर मालोजीबाबांनी माझा कागद स्वतः वाचला नाही. "माझ्या तोंडून ऐकाल तर पुन्यांदा म्हणाल, कागदबदल्यानं बदलला," असं म्हणाले आणि सहदेवाच्या हातात दिला. बरोबर केलं. सहदेवानं देवळाच्या पायरीवर उभं राहून वाचला. कुठं थांबला नाही असं तू लिहिलंयस. चंद्राबाई मधेच ओरडली, "अगं बया, मग माझ्या लेकाच्या पत्रात काय व्हतं रं?" आणि लोक हसले. मी तिथं नसूनही मला ते हसू ऐकू आलं. दादा, तू हसला नसशील.

तू बेलाचं ताट सरकवलंस, सोमीला कडेवरून वहिनीकडं दिलंस आणि मालोजीबाबांच्या पायांवर डोकं ठेवलंस. सगळ्या पंचक्रोशीसमोर. जे डोकं माझं वाकायला हवं होतं ते तुझं वाकलं. ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

आणि एक गोष्ट. पत्र मालोजीबाबांच्या हातचं आहे हे खाली नाव बघून कळलं. जन्मभर मोडी लिहिणारा माणूस. त्यांनी ते बाळबोधात लिहिलंय. एकेक अक्षर सुटं, मोठं, शाळेत पाटीवर काढतात तसं. काना-मात्रा जपून दिलेल्या. म्हातारपणी इतका वेळ बसून त्यांनी ते माझ्यासाठी काढलं. मुकादम विचारत होता, "काय रे, घरी कोण गेलं का?" मी नाही म्हणालो.

त्यांनी विहिरीचं काम परत धरलं, नवा कागद केला, आणि यंदा तो ओट्यावर तीन जणांनी वाचला, हे बरं झालं. वैशाखात खणायचं तेच खरं. आता जे पाणी लागेल ते खालचंच असणार. कातळाला भोकं तिरकी घ्या म्हणावं, आणि एका दमात खोल जाऊ नका. आपला काळा दगड घण परत फेकतो. पण मालोजीबाबांना हे मी काय सांगणार?

शेवटी तुझं स्वतःचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं घातलंय. "नाग्याला लिवा, घरात पाय ठेवू नको. तुझी वयनी रडती, तरी नको. पन कातळ लागलाय नि सुरुंगाला माणूस नाय. यायचं तर विहिरीवर ये."

येतो, दादा. मुकादमाला सांगितलं. "आता कुठं पळतोस?" म्हणाला. घरी म्हणालो तर त्याला खरं वाटेना.

परवा निघतो. कर्जतला उतरून गावातून येणार नाही, शेताच्या बांधानं परसात येईन. झोपायला लिंबाखाली जागा आहे, ओट्यावर येणार नाही. मालोजीबाबा सांगतील तेवढंच करीन, कागदावर काही विचारलं तर मोडी येत नाही म्हणून सांगेन. सोमीला लांबूनच बघेन. ती ओळखणार नाही, ते चांगलंच.

वहिनीला सांग, माझ्या वाटणीचं पाणी भरू नको. कातळ फुटेस्तोवर मी ओहळावर जाऊन पिईन.

नागू